एसीतली सवत

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर हिराजी म्हात्रे राहतात. घरात माणसं दोन, बाथरूम दोन. त्यातल्या एका बाथरूमला एसी होता, तो चोवीस तास चालू असायचा, आणि त्या बाथरूममध्ये कित्येक वर्षांत कोणीही आंघोळ केलेली नव्हती.

पनवेलचा उकाडा ज्यांनी सोसलाय त्यांना यातली गंमत कळेल. मे महिन्यात आमच्याकडे आंघोळ करून टॉवेल दांडीवर टाकावा, तर तोवर पुन्हा आंघोळीची वेळ झालेली असते. अशा दिवसांत हिराजीकाका आणि जनाकाकू हॉलमध्ये पंख्याखाली घाम पुसत बसायचे, आणि आत एसीत झोपलेली असायची एक बाटली. फ्रेंच रेड वाइनची. आडवी. काका तिला 'म्हातारी' म्हणत. जनाकाकू 'सवत' म्हणत.

माझी आणि काकांची ओळख भांडणातून झाली. मी पहिल्या मजल्यावर, बरोब्बर त्यांच्या खाली. नवीन नवीन राहायला आलो तेव्हा सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, गॅलरीत पोह्याचे पापड वाळत घातले होते. वरच्या एसीच्या पाण्यानं दुपारपर्यंत त्यांचा लगदा झाला. मी तेहेतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. आवाज कमवायला मला वेगळी मेहनत लागत नाही. तरातरा जिना चढलो आणि बेल दाबून धरली.

दार उघडलं ते चौकड्याची लुंगी नेसलेल्या, पण मिशी मात्र पेन्सिलीनं आखल्यासारखी कोरलेल्या एका काळ्या-सावळ्या गृहस्थानं. मी तोंड उघडणार तोच त्यांनी एक बोट वर केलं, डोळे मिटले आणि माझ्या दिशेनं एक लांब श्वास घेतला.

"वालाचं बिरडं," ते म्हणाले. "झक्कास झालंय. पण नारळ कालचा घातला. का?"

माझं भांडणच गळून पडलं. नारळ कालचाच होता. 'अर्धी कवड शिल्लक आहे, कशाला नवा फोडतेस?' हे मीच सुनंदाला सांगितलं होतं. आता हे या परक्या माणसाला कसं कळावं?

"आत या सर. चिडलेल्या माणसानं उंबऱ्यावर उभं राहू नये," असं म्हणून त्यांनी मला कोकम सरबत पाजलं, पापडांबद्दल माफी मागितली, पाण्याची नळी दुसऱ्याच दिवशी वळवून घ्यायचं कबूल केलं, आणि निघताना मला बाथरूम दाखवलं. लोक देवघर दाखवतात तसं.

कमोडवर जाड फळी. फळीवर गादी. गादीवर लाकडाची छोटीशी घोडी, आणि तिच्यावर ती बाटली, अंगावर राखेसारखी धूळ घेऊन पहुडलेली. बल्ब काढून टाकलेला, कारण म्हातारीला उजेड सोसत नाही. शॉवरला थर्मामीटर टांगलेला. खाली पाण्यानं भरलेली बादली, कारण हवा कोरडी झाली की बूच आकसतं. "फ्रान्समध्ये तळघरात बारा-तेरा डिग्री असतं," काका कुजबुजत म्हणाले. "इथं सतरा. पनवेलमध्ये याच्या खाली देव पण जात नाय."

"आणि ही गादी कशाला?"

"विमानतळासाठी डोंगर फोडायचे तेव्हा घातली. सुरुंगाचा धक्का बसला की गाळ हलतो. म्हातारीची झोपमोड होते."

मी खाली येऊन सुनंदाला म्हटलं, वरचा माणूस वेडा आहे. पण पापडांबद्दल माफी मागितलीन हो त्यानं.

काका मूळचे उरणकडचे. वडिलांचं मिठागर होतं. पुढे मिठागरं गेली, तिथे गोदामं आणि कंटेनर आले, आणि म्हात्रे मंडळी पांगली. काका त्याआधीच बोटीवर गेले होते. मोठं प्रवासी जहाज, आणि त्यात हे भांडी घासायला. त्या जहाजावर वाइनचा प्रमुख एक फ्रेंच म्हातारा होता, आंद्रे नावाचा. त्याच्या एक दिवस लक्षात आलं, की सिंकपाशी उभा असलेला हा आगरी पोरगा प्रत्येक ग्लास घासायच्या आधी हुंगतो. त्यानं दहा रिकामे ग्लास याच्यापुढे मांडले आणि विचारलं, कुठल्या दोन ग्लासांत एकच वाइन होती? यानं नेमके दोन ग्लास उचलून बाजूला ठेवले. झालं! सिंकवरून सुटका झाली, आणि काही वर्षांत हिराजी म्हात्रे काळा कोट घालून गोऱ्या लोकांना कुठली बाटली उघडावी ते सांगू लागले.

"नाक आलं कुठून असलं?" मी विचारलं होतं.

"मिठागरातून. मीठ धरायच्या आधी पाण्याला वास येतो, सर. आमचा बाप सकाळी बांधावर नुसता उभा राहायचा. परवा मीठ धरेल बोलला की परवा धरायचंच."

शेवटच्या फेरीत आंद्रेनं त्यांना ही बाटली दिली. बोर्दोची. तेव्हाच ती पंचविशीच्या घरात होती. लेबलावर साल होतं. ते सालच का निवडलं, याचं उत्तर काका देत नसत. 'घाई कोणाला?' म्हणत. हे त्यांचं पालुपद होतं. रिक्षा मिळत नाही, घाई कोणाला. लिफ्ट बंद आहे, घाई कोणाला. फक्त लाइट गेली की घाई त्यांना एकट्याला असे.

एकदा भर मेमध्ये सहा तास लाइट गेली. काका लुंगीवरच मासळी बाजारात धावले आणि हातगाडीवर बर्फाच्या चार लाद्या, वर ओली किंतानं, असं सगळं घेऊन आले. लाद्या जिन्यानं वर चढताना साऱ्या इमारतीनं पाहिल्या. आता आपल्याकडे बर्फाच्या लाद्या घरात कधी नेतात? पंधरा मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी पांढरा सदरा घालून खाली उतरले. कोणीतरी चपला दाराबाहेर काढून, मान खाली घालून उभं राहिलं. सुनंदानं डोळ्याला पदर लावला. एवढ्यात जनाकाकू हातात झाडू घेऊन बाहेर आल्या आणि एवढी माणसं बघून चक्रावल्या.

"कोण गेलं हो?" कुलकर्ण्यांनी हळूच विचारलं.

"नाय ना जात!" काकू कडाडल्या. "तोच तर वांदा हाय! आमी उकाऱ्यानं मरायचा, आन् सवतीला बर्फ!"

जनाकाकूंचं माहेर करंजा. सुकी मासळी हा घरचाच धंदा. उभ्या आयुष्यात त्यांनी दोनच गोष्टींवर मनापासून प्रेम केलं असेल, एक नवरा आणि दुसरी सुकट. आणि या दोघांचं आपसात जमत नव्हतं. तव्यावर सुकट पडायचा अवकाश, की आतून गर्जना यायची, "जनेऽऽ! बंद कर ते! म्हातारीला वास लागंल!"

"बाटलीला बूच हाय, तुमच्या तोंडाला नाय!" काकू ओरडायच्या. पण तवा उतरायचा. सुकट खायला त्या बिचाऱ्या माहेरी जायच्या.

आम्ही खाली शुद्ध शाकाहारी. सुनंदा म्हणायची, काका म्हणजे देवमाणूस हो.

वर्षातून एकदा, थंडीत, पोपटीचे, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भाजायचे, दिवस आले की काका दुसरी एखादी साधी बाटली उघडत आणि मला वर बोलावत. आयुष्यात पहिल्यांदा गेलो तेव्हा घरी 'सोसायटीची मीटिंग आहे' असं सांगून गेलो होतो, आणि झिंगून जिन्यात पडलो तर काय, या काळजीनं पायांत बूट घातले होते. कसलं काय! हातात आले दोन चमचे. तेही पाऊण तासानं. तोवर नुसतं हुंगायचं.

"नाक आधी, जीभ मग," काका म्हणाले. "काय वास येतो?"

मी इमानदारीत म्हणालो, "दारूचा."

दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पण तिसऱ्या दिवशी स्वतःच खाली आले आणि मला घेऊन गावभर हिंडले. लाकडाच्या वखारीत नेऊन सागाचा भुसा हुंगायला लावला. चांभाराच्या टपरीसमोर उभं केलं. कर्नाळ्याला नेऊन झाडाखालचा कुजका पाला मुठीत दिला. "हे सगळं जुन्या वाइनीत असतं, सर. तरणी असते तेव्हा नुसती फळं. म्हातारी झाली की फळं जातात, आणि राहतं ते हे." मी नाकाला मूठ लावून उभा, आणि माझ्याच शाळेची पोरं मागून चाललेली. सर निवृत्तीनंतर बिघडले, ही बातमी मी घरी पोचायच्या आधी सुनंदाला पोचली होती.

"मग म्हातारीला कधी उठवायची?" मी विचारायचो.

"उठवली की तासाभराचा जीव तिचा. सगळं बोलून टाकते आणि संपते. ती बोलेल तेव्हा ऐकायला आपण तयार पाहिजे. घाई कोणाला?"

मग ते मास्कचं वर्ष आलं. दिवाळीच्या तोंडावर काकांना ताप आला, दवाखान्यात न्यावं लागलं. काकूंना आत सोडत नव्हते. रिकाम्या घरात ती बाई काय करणार? तिनं साफसफाई काढली. भांडी झाली, पंखे झाले, डबे झाले, आणि मग काकूंचा मोर्चा बाथरूमकडे वळला. चाळीस वर्षांची धूळ अंगावर घेतलेली बाटली त्यांनी उचलली, नारळाच्या काथ्यानं आणि साबणानं घासून लखलखीत केली, लेबल सोलून काढलं, आणि फडताळात उभी करून तिला हळदीकुंकू लावलं.

मी बघायला गेलो आणि दारातूनच ओरडलो. "काकू, हे काय केलंत!"

"सवत झाली म्हनून काय झाला? दिवालीला तिचा तोंड धुवाला नको?"

मी बाटली नेऊन पुन्हा घोडीवर आडवी ठेवली. काका घरी आले त्या दिवशी आता या घरात महाभारत होणार, म्हणून मी मुद्दाम हजर राहिलो. काका बाथरूमच्या दारात उभे राहिले. लखलखीत बाटलीकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं झालं. स्वच्छ झाली."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी पडलो मास्तर. मुलाच्या तोंडाकडे न बघता पेपर तपासायची सवय.

तेव्हापासून दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे, मी वर गेलो की काका काय जेवलो ते सांगेनासे झाले. "ओळखा बघू," म्हटलं की म्हणायचे, "राहू दे सर, आज मूड नाय." आणि दुसरी म्हणजे सुकट. रोज सकाळी वरून भाजल्या सुकटीचा असा खमंग लोट खाली यायचा, की आमच्या देवघरातली उदबत्ती शरणागती पत्करायची. सुनंदा धाडधाड खिडक्या लावायची. देवमाणूस ही पदवी तिनं परत घेतली. मी सोसायटीकडे रीतसर अर्ज केला: 'विषय: वरील मजल्यावरून येणारा दर्प.' अर्जात आठ मुद्दे होते, आणि आता ते आठवले तरी मला स्वतःची लाज वाटते.

वर काकांची चेष्टाही करायचो. "कसली म्हातारी नि कसलं काय! व्हिनेगर झालं असेल एव्हाना. लोणचं घाला!" स्वतःच्या सत्तरीला म्हातारी उघडणार होते, ते टळलं. पुढच्या थंडीत म्हणाले, अजून झोपलीय. त्याच्या पुढच्या थंडीत पण झोपलीय. साध्या बाटल्याही उघडेनात. "काका, तुम्ही कंजूष आहात, सरळ सांगा," असं एकदा मी चारचौघांत म्हणालो. ते नुसते हसले.

गेल्या फाल्गुनातली गोष्ट. सकाळी काकांकडे पेपर घ्यायला वर गेलो. काकू बाजारात गेल्या होत्या, दार लोटलेलं. दार ढकललं तर गॅसचा भपकारा! आणि काका स्वयंपाकघरातच, शेगडीपासून दोन हातांवर, खुर्चीत शांतपणे पेपर वाचत बसलेले. चहा उतू जाऊन शेगडी विझली होती, बटण तसंच चालू. मी धावलो, बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. "काका! अहो, एवढा वास येतोय, झोपलात की काय?"

 काकांनी शेगडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पेपर घडी घालून मांडीवर ठेवला.

"वास येत नाय, सर," ते म्हणाले. "त्या तापानंतर कसलाच येत नाय. तीन वर्षं झाली. डॉक्टर केले, औषधं केली. काय नाय."

मला उभ्या उभ्या कोणीतरी मुस्काटात मारल्यासारखं झालं. तीन वर्षं मी या माणसाला कंजूष म्हणत होतो.

"काकूंना माहीत आहे?"

"नाय! आणि सांगायचं पण नाय. शपथ घ्या." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "लग्न झालं आणि पंधराव्या दिवशी मी बोटीवर गेलो, सर. वर्षातले दहा महिने बाहेर. का, तर म्हणे हिराजीचं नाक असं, हिराजीचं नाक तसं. ती इथं सासूसासऱ्यांचं करत बसली. आता ते नाकच नाय. मग एवढी वर्षं मी कशासाठी गेलो होतो, ते काय सांगू तिला?"

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसलो. 

"आणि म्हातारी?"

"ती उठेल, बोलेल, आणि मी समोर बहिरा बसलेला असेन," काका म्हणाले. "त्यापेक्षा झोपू दे."

पण म्हातारी झोपायला तयार नव्हती. चैत्रात एक दिवस काका स्वतः खाली आले, आणि त्यांच्या बोटाला लाल डाग होता. बुचातून पाझर सुटला होता. बाटलीतली पातळी खांद्याच्या खाली आली होती. आता ठेवली तर महिन्याभरात मरणार, हे त्यांना नाकाशिवायही कळत होतं.

"उद्या दुपारी उघडू," ते म्हणाले. "तुम्ही वर या. तुम्ही हुंगा, आणि मला सांगा. तुमच्याशिवाय कोणाला शिकवलंय मी?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. दहावीच्या परीक्षेला बसल्यासारखं झालं होतं. सकाळी उठून वखारीत जाऊन भुसा हुंगून आलो.

गाळ खाली बसावा म्हणून बाटली आदल्या दिवसापासून उभी होती. वाइन ओतून घ्यायचा काकांचा काचेचा जग केव्हाच फुटला होता, म्हणून मी शाळेच्या प्रयोगशाळेतून एक नवंकोरं चंचुपात्र मागून आणलं होतं. काकांनी कोरलेली मिशी पुन्हा कोरली होती आणि बोटीवरचा काळा कोट घातला होता. खाली लुंगीच. दोन पात्यांचं चपटं हत्यार त्यांनी बुचाच्या दोन्ही बाजूंनी अलगद सरकवलं आणि डुलवत डुलवत बूच वर काढलं. म्हातारं, काळंठिक्कर बूच, मोडलं नाही. मग मेणबत्ती लावली, बाटलीची मान ज्योतीवर धरली, आणि एका धारेत वाइन चंचुपात्रात उतरू लागली. मानेशी गाळाची पहिली काळी रेघ दिसताच हात थांबला. सगळं हाताला पाठ होतं. मग ग्लासात चार घोट ओतून त्यांनी ग्लास पांढऱ्या पंच्यासमोर तिरका धरला. कडेला विटेचा रंग होता.

"जिवंत हाय," ते पुटपुटले. "सर, घ्या. बोला."

मी ग्लासात नाक घातलं. आणि माझं डोकं पार रिकामं झालं. "छान आहे," मी म्हणालो.

"छान हा वास नाय."

"सागाचा भुसा… चांभाराचं कातडं… कर्नाळ्याचा पाला…"

काकांनी मान हलवली. "ते मीच तुम्हाला शिकवलेलं. माझंच मला सांगू नका. तिच्यात काय हाय ते सांगा."

मी पुन्हा हुंगलं, पुन्हा हुंगलं. वास येत होता हो! काहीतरी खोल, गोडसर, जुनं. पण त्याला नाव देता येईना. भिंतीवरचं घड्याळ चाललं होतं. तासाभराचा जीव, त्यातली वीस मिनिटं माझ्या मठ्ठपणात गेली. काकांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या बंद पापण्यांमधून पाणी आलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मास्तर, तुमी सरका जरा."

जनाकाकू केव्हा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या, आम्हाला पत्ता नव्हता. त्यांनी पदराला हात पुसले, माझ्या हातातून ग्लास घेतला आणि समोर बसल्या. आयुष्यात कधी त्या बाटलीला नीट नावानं हाक न मारलेल्या त्या बाईनं तो ग्लास दोन्ही तळव्यांत धरून ऊब दिली, हलकेच आत फुंकर मारली आणि नाक लावलं. करंजाला सुकट घेताना बायका मुठीत घेऊन असंच करतात.

"पेटारा," त्या म्हणाल्या. "माज्या आजीचा. लुगऱ्यांचा. मदी जायफल ठेवलेला."

काकांनी डोळे उघडले.

"मंग?"

"जांभला. झाडावरची नाय. खाली परलेली, दोन दिस उनान सुकलेली."

काकांनी चंचुपात्रातून दुसऱ्या ग्लासात ओतून घेतलं आणि एक घोट तोंडात धरला. "आंबट कलतंय," ते म्हणाले. "तुरट कलतंय. बाकी तू बोल, जने. बोलत ऱ्हा."

काकू बोलत राहिल्या आणि काका पीत राहिले. भिजून चुलीशी सुकवलेली चामड्याची चप्पल. भाताच्या कणगीचा तळ. विडीची रिकामी पुडी. प्रत्येक शब्दाला काका मान डोलावत होते, आणि त्यांचा चेहरा बदलत होता. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. मला आता तो प्रत्येक वास येत होता, आणि मुलांना शिकवायचा मला तेहेतीस वर्षं पगार देणाऱ्या शाळेची दया आली.

शेवटी काकू बराच वेळ हुंगत राहिल्या. "आन् मिठागराचा बांध," त्या हळू म्हणाल्या. "पानी उतरला का येतो तसा. लगीन होऊन तुमच्या घरी आले ना, तवा पयल्या सकाली आलता."

"त्याच वर्साची हाय ती," काका म्हणाले. "आपल्या लग्नाच्या. लेबलवर साल व्हता. म्हनून तर आंद्रेकडनं मागून घेतली."

काकूंनी ग्लास खाली ठेवला. "आन् इतकी वरसां मना सवत म्हनू दिलाव?"

"तू इचारलाच नाय."

"मी तोंड धुतला तिचा! लेबल चुलीत घातला!"

काका हसले, आणि हसता हसता थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईनं मान हलवली. मी नाही सांगितलं, शपथ.

"जने," त्यांनी विचारलं, "मना वास येत नाय, ह्या तुला कोनी सांगितला?"

"कोन सांगल?" काकू म्हणाल्या. "दवाखान्यातनं आलाव, आन् बाटली बघून वरडलाव नाय. मना तवाच शंका आली. दुसऱ्या दिशी मुद्दाम सुकट भाजली. नाय वरडलाव. तिसऱ्या दिशी भाजली. तीन वरसां रोज भाजते. मना वाटायचा, आज वरडतील. आज नाय तर उद्या वरडतील." त्यांनी पदर तोंडाला लावला. "मना ती गिलत पन नाय आता. तरी भाजते."

मला माझा अर्ज आठवला. आठ मुद्द्यांचा. मी उठलो आणि खाली आलो. सुनंदाला सगळं सांगितलं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चहा घेत होतो. वरून तवा शेगडीवर ठेवल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं सुकटीचा वास जिन्यातून, खिडकीतून, सगळीकडून खाली उतरला. आणि मग तीन वर्षांनी, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशी गर्जना झाली.

"जनेऽऽ! बंद कर ते! म्हातारीला वास लागंल!"

सुनंदानं कप खाली ठेवला. "अहो, बाटली तर काल संपली ना?"

"संपली."

"मग? आला की काय वास त्यांना?"

"कोण जाणे. धूर दिसला असेल," मी म्हटलं.

 तेवढ्यात वरून काकूंचा आवाज आला, जरा भरलेला, पण अगदी खणखणीत. "बाटलीला बूच हाय, तुमच्या तोंडाला नाय!"

सवयीनं सुनंदा खिडकी लावायला उठली होती. मी म्हटलं, राहू दे.